फळे मोजलेली आहेत

मला स्वस्थ बसता येत नाही. माझी बायको, माझी मुलगी आणि कंपनीतला जुना साहेब या तिघांचं आयुष्यात फक्त या एका मुद्द्यावर एकमत झालेलं आहे. पस्तीस वर्षं मी भोसरीच्या कारखान्यात मालाची तपासणी केली. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची आणि तिच्यावर लाल खडूने फुली मारायची, हा माझा धंदा. निवृत्त झाल्यावर खडू हातातच राहिला आणि समोर माल येईना, तेव्हा मी घराच्या मागे झाडं लावायला घेतली.

वाघोलीतल्या आमच्या रो हाउसच्या मागे पंधरा बाय बावीस फुटांची मोकळी जागा आहे. बिल्डरने तिथे मुरूम आणि फुटक्या फरश्या टाकून वर दोन बोटं माती पसरली होती आणि त्याला माहितीपत्रकात ‘खासगी उद्यान’ म्हटलं होतं. ते सगळं मी स्वतः उकरलं, चांगली माती आणि शेणखत भरलं, आणि पेरू, अंजीर, सीताफळ, कागदी लिंबू अशी झाडं लावली. ती बिचारी लागली कामाला. पाचवं झाड पीचचं. ते स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात होतं आणि पाच वर्षं नुसती पानं काढत होतं. लांब, पातळ, हिरवीगार पानं. फूल एक नाही.

सगळ्यांनी मला सांगून पाहिलं की पीच हिमाचलात येतं, पुण्यात नाही. सोलापूर रस्त्यावरच्या ज्या नर्सरीतून मी ते आणलं, तिथला माणूस म्हणाला होता की ही कमी थंडीची जात आहे, मैदानातही फळते. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण बाकी सगळे उलट बोलत होते. कमी थंडी म्हणजे किती, ते मी वाचून काढलं. खिडकीबाहेर थर्मामीटर टांगला. पहाटे पाचला उठून पारा बघायचा आणि कॅलेंडरवर लिहायचा, हा माझा हिवाळ्यातला कार्यक्रम झाला. पारा काही मनावर घेईना.

आता हेमाबद्दल सांगतो. हेमा माझी बायको. आम्ही दोघंही सदाशिव पेठेतले. लग्नानंतरची पंचवीस वर्षं तिथेच दोन खोल्यांत काढली, आणि नऊ वर्षांपूर्वी माझ्या हट्टापायी इथे आलो. मला जमीन हवी होती. तिला काय हवं होतं ते मी तेव्हा विचारलं असेन, पण उत्तर आठवत नाही. गेली दोन वर्षं मात्र ती परत जाऊ या म्हणत होती. तिची धाकटी बहीण शालू पेठेतच राहते, तिच्या समोरचा फ्लॅट रिकामा होता. जागामालक बापूराव तळमजल्यावर राहत आणि आम्हाला ओळखत होते. तुमच्यासाठी थांबतो म्हणाले होते. हेमा दर पंधरा दिवसांनी विषय काढायची. मी दर पंधरा दिवसांनी परसात जायचो.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्या छातीत दुखलं होतं. रुग्णवाहिका बोलावली, हॉस्पिटलात नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय, तर पित्त. ही गोष्ट मी लग्नकार्यांत फार रंगवून सांगतो. ‘सव्वा तास नगर रस्त्यावरून सायरन वाजवत गेलो आणि शेवटी एक ढेकर आला,’ असं म्हटलं की लोक हसतात. हेमा त्या वेळी बहुधा पानं वाढायला उठलेली असते.

दसऱ्याला मुलगी घरी आली होती, तेव्हा विषय पुन्हा निघाला. तनुजा हिंजवडीला नोकरी करते आणि आम्हा दोघांशी मीटिंग चालवल्यासारखं बोलते. ती आईच्या बाजूने मुद्दे मांडू लागली. माझं डोकं फिरलं. मी हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, अक्षय्य तृतीयेपर्यंत त्या पीचला खाण्याजोगं एक फळ लागलं, तर मरेपर्यंत वाघोली. नाही लागलं, तर सामान बांधायचं आणि जायचं. यापुढे चर्चा नको.

“बाबा, हे काय लॉजिक आहे?” तनुजा म्हणाली.

हेमाने माझ्याकडे बघितलं. मग “ठीक आहे” म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. बापूराव अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबायला तयार झाले.

पैज लावून बसलो खरा, पण रात्रंदिवस चैन पडेना. मला ते घर सोडायचं नव्हतं. पेठेत जाऊन मी काय करणार होतो? गॅलरीत कुंड्या मांडून कढीपत्त्याशी गप्पा? त्या जमिनीत माझी नऊ वर्षांची कमरेची दुखणी गाडलेली होती. शेवटी मी सर्जेरावांना विचारलं.

सर्जेराव म्हणजे या जमिनीचे मूळ मालक. आमची सोसायटी जिथे आहे तिथे त्यांची अंजिराची बाग होती. बाग विकून त्यांनी पलीकडे तीन मजली घर बांधलं, मुलांना दुकानं काढून दिली. तरी रोज सकाळी काठी घेऊन ते सोसायटीत चक्कर मारतात आणि वॉचमन त्यांना वहीत सही करायला सांगत नाही. त्यांनी माझ्या पीचभोवती एक फेरी मारली, पान चुरगळून वास घेतला, बुंध्यापाशी पायाने माती उकरली.

“सायेब, ह्ये झाड सुखात हाय,” ते म्हणाले. “सुखातलं झाड कशाला फळ धरंल? त्याला ताण द्या. पानी तोडा दीड महिना. पानं गळली तर गळली, न्हाई तर हातानं वरबाडून काढा. त्याला वाटाया पायजे, आता आपलं काय खरं न्हाई.”

अंजिराला, डाळिंबाला असाच ताण देतात, हे मला ऐकून माहीत होतं. पीचला द्यावा हे सुचलं नव्हतं. थंडी नाही तर नाही, तहान तरी देऊ. मी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचं पाणी बंद केलं.

ते सहा आठवडे वाईट गेले. झाडाला ताण द्यायचा होता, पण तो बराचसा मलाच बसला. दिवसातून दहा वेळा मी मागे जायचो. पानं आधी मलूल झाली, मग कडेने वळली. बाजूचा पेरू पाणी पिऊन तुकतुकीत दिसायचा आणि हे आपलं मान टाकून उभं. एकदा बोट खुपसलं तर माती ओलसर लागली. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि हेमाला विचारलं की झाडाला पाणी घातलंस का. आमच्याकडे त्या दिवसांत टँकर दिवसाआड येत होता.

“एवढं पाणी असतं तर मी केस धुतले असते,” ती म्हणाली.

ओल दवाची होती. पण माझ्या मनात शंकेचा खडा पडला तो पडलाच. तिला जायचं होतं. झाड फळलं नाही तर ती जाणार होती. पस्तीस वर्षं चुका शोधलेल्या माणसाला एवढं गणित पुरतं. मी तिच्यावर लक्ष ठेवू लागलो. ती मात्र ते झाड दिसू नये म्हणून खिडकीचं एक दार लावून घ्यायची. एकदा म्हणाली, मला ते बघवत नाही. मी म्हणालो, मग बघू नकोस.

डिसेंबरच्या शेवटी मी शिडी लावून उरलेली पानं हाताने काढली. फांदीच्या बुडापासून टोकापर्यंत मूठ ओढायची, की पानं मुठीत. दोन दिवस लागले. झाड अगदी काटक्यांची जुडी दिसायला लागलं. मग सर्जेरावांच्या सांगण्यावरून आळं केलं, खत दिलं, भरपूर पाणी सोडलं, आणि वाट बघत बसलो. बसलो म्हणजे फेऱ्या मारल्या.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी काटक्यांवर गुलाबी ठिपके दिसले. मला वाटलं कीड आहे. भिंग आणून बघितलं तर कळ्या. आठवड्यात सगळं झाड गुलाबी झालं. एक पान नाही, नुसती फुलं. शेजारच्या बंगल्यांतले लोक गच्चीतून फोटो काढू लागले. मी हेमाला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “सुंदर आहे हो.” मला त्या कौतुकात खोट दिसेना, म्हणून मी आणखी अस्वस्थ झालो.

फुलं गळली आणि त्यांच्या जागी बारीक, लवदार, हिरवी फळं धरली. मी मोजली. एकशे बारा. रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचो आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचो. एक कमी झालं की खाली वाकून गळलेलं शोधायचो. एक फळ पुरे होतं, माझ्याकडे एकशे बारा होती. मी मनातल्या मनात बापूरावांना नकाराचा फोनसुद्धा करून टाकला.

होळीच्या आदल्या आठवड्यात मी निंबोळी पेंड आणायला मार्केट यार्डात गेलो होतो. अकराच्या सुमारास पोतं खांद्यावर घेऊन मागच्या दाराने आत शिरलो, तर हेमा स्टुलावर उभी. डाव्या हातात स्टीलची वाटी, आणि उजव्या हाताने ती खिडकीकडच्या फांदीवरची फळं पटापट खुडून वाटीत टाकत होती. सुपारीएवढी झालेली फळं. माझी फळं.

पोतं माझ्या खांद्यावरून खाली पडलं. काय चाललंय म्हणून मी विचारलं ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं असावं.

“गर्दी कमी करतेय,” ती मान न वळवता म्हणाली. “सर्जेरावांना विचारा.”

सर्जेराव तेव्हा दौंडला मुलीकडे गेले होते, महिनाभर येणार नव्हते. न येणाऱ्या माणसाची साक्ष काढणं मला फारच सोयीचं वाटलं. मी तिच्या हातातली वाटी ओढून घेतली. मग जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते नंतर मला बरेच दिवस ऐकू येत राहिलं.

“हरायची एवढी भीती होती तर आधीच रडायचंस. चोरून फळं कसली तोडतेस?”

हेमा स्टुलावरून सावकाश उतरली. नळाखाली हात धुतले. “ही फांदी झाली,” ती म्हणाली. “बाकीच्या राहू द्या तशाच. त्या तुमच्या.” आणि आत गेली.

वाटीत एकतीस फळं होती. मी मोजली. त्या फांदीवर आठ उरली होती, वीतभर अंतरावर एकेक. बाकीच्या फांद्यांवर घोसच्या घोस होते, ते शाबूत होते. मी देवाचे आभार मानले की मी वेळेवर आलो.

त्या दुपारी मी एक पाटी रंगवली. पेठेत जन्मलेल्या माणसाला राग आला की तो पाटी रंगवतो, त्याला इलाज नाही. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलं: ‘फळांना हात लावू नये. फळे मोजलेली आहेत.’ तारेने ती झाडाला बांधली. चारी बाजूंनी सहा फुटी भिंत असलेल्या परसात, जिथे त्या दिवसांत माझ्याशिवाय एकच माणूस येत होतं.

पुढच्या रविवारी तनुजा आली. तिने पाटी वाचली आणि ही कोणासाठी म्हणून विचारलं. मी म्हणालो, माकडांसाठी. वाघोलीत माकडं आहेत का, असं तिने आईला विचारलं.

“एक आहे,” हेमा म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात कामापुरतंच बोलणं राहिलं. गॅस आला का, टँकर आला का. मी खुर्ची परसात नेऊन टाकली आणि पेपर तिथेच वाचू लागलो. उन्हाने डोकं तापलं तरी तिथेच. हेमा खिडकीशी कणीक मळायची आणि मी तिच्याकडे पाठ करून झाड राखायचो. खिडकीकडच्या फांदीवरची आठ फळं मोठी होत होती ते मला दिसत होतं. मी त्याचं श्रेय सावलीला दिलं. घोसांतली फळं मात्र सुपारीएवढी होती ती सुपारीएवढीच राहिली. रोज पाचदहा गळायची. कॅलेंडरवरचा आकडा उतरत चालला होता आणि माझा जीव वरखाली होत होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सर्जेराव दौंडहून परतले आणि सवयीप्रमाणे मागच्या दाराने आत आले. पाटीसमोर थांबून त्यांनी ती बोट ठेवून वाचली. मग मला विचारलं, ह्यो बोर्ड कुणासाठी? मी माकडाचं उत्तर दिलं नाही. हेमाने फळं तोडली, हे मी तक्रारीच्या सुरात सांगितलं. मला वाटलं होतं ते चुकचुकतील.

ते खिडकीकडच्या फांदीपाशी गेले. तिथे आठांतली सात उरली होती, एक बुलबुलांनी खाल्लं होतं. सातही लिंबापेक्षा मोठी, एका गालावर तांबूस. त्यांनी एक तळहातावर तोललं, न तोडता. मग शेजारचा घोस धरला आणि बोटांनी वाजवावा तसा हलवला. दोन फळं गळून पडली.

“ही वहिनींनी इरळली, म्हनून फुगली,” ते म्हणाले. “एका काडीवर येवढी लेकरं, ती काय पोसनार? मीच सांगितलं त्यांना फोनवर. तुमाला सांगून उपेग न्हाई, तुमी मोजत बसता.”

मी विचारलं की आता बाकीच्या फांद्या विरळता येतील का. त्यांनी एक छोटं फळ चाकूने कापून दाखवलं. आत बी दगडासारखी झाली होती. वेळ गेलेली होती. महिन्यापूर्वी, ज्या दिवशी मी वाटी ओढून घेतली, त्या दिवशी ती वेळ होती. तिला अर्धा तास आणखी मिळाला असता तर सगळं झाड झालं असतं.

ते गेल्यावर मी पाटीची तार कापली आणि पत्रा शिडीमागे ठेवला. त्याच वेळी आत जाऊन चुकलो म्हणायला हवं होतं. दोन पावलांवर खिडकी होती. पण दुसऱ्याच्या चुका दाखवण्याची सवय असलेल्या जिभेला ते वळण माहीत नव्हतं. संध्याकाळी हेमाने खिडकीतून बघितलं आणि पाटी कुठे गेली म्हणून विचारलं. मी म्हणालो, वाऱ्याने पडली. दिवसभर पान हललं नव्हतं. ती बरं म्हणाली.

पुढचे दिवस मला कशातच गोडी वाटेना. फळं पिकत होती, मी जिंकत होतो, आणि रोज एकच प्रश्न डोकं खात होता. ती फांदी तिने का पोसली? तिने काहीच केलं नसतं तरी पुरत होतं. हात लावला नसता तर सगळं झाड माझ्या फांद्यांसारखं खडे धरून बसलं असतं, आणि अक्षय्य तृतीयेला तिने बॅगा भरल्या असत्या. मला हे विचारायची लाज वाटत होती आणि न विचारता राहवत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मी सातही फळं उतरवली. हाताला मऊ लव लागली. आमच्याकडे या दिवसाआधी आंबा खात नाहीत. हेमाने नैवेद्याच्या ताटात आंब्यांशेजारी एक पीच ठेवलं. पूजा झाल्यावर तिने ते सुरीने कापलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. रस मनगटावर ओघळला. गोड होतं, शेवटी किंचित आंबट.

“छान आहे,” ती म्हणाली. “जिंकलात.”

तिने हात धुतले आणि लगेच शालूला फोन लावला. मी तिथेच होतो. तिने सांगितलं की आमचं राहू दे, बापूरावांना म्हणावं दुसऱ्या कोणाला द्या, तुम्ही खूप थांबलात. आवाज अगदी रोजचा. संध्याकाळी आम्ही तुला फळं द्यायला येतो म्हणाली आणि फोन ठेवला. त्यात राग असता, टोमणा असता, तर मला पेलला असता. काहीच नव्हतं.

तेव्हा मी विचारलं. तुला जायचं होतं, तर ती फांदी का केलीस?

“मला जायचं होतं म्हणून जायचं होतं,” ती म्हणाली. “त्यासाठी झाड वांझ राहायला कशाला हवं? झाडाने माझं काय वाकडं केलंय?”

ती उरलेली फळं डब्यात भरायला लागली. दोन फळं तिने तनुजासाठी बाजूला ठेवली.

संध्याकाळी पाचला आम्ही गाडीने निघालो. केसनंद फाट्यालाच अडकलो. सणाचा दिवस, त्यात कुठेतरी रस्ता खणलेला. मी हॉर्न वाजवला, पुढच्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, रेडिओ लावला आणि बंद केला. हेमा मांडीवर डबा धरून समोर बघत होती. आज एवढी गप्प का, म्हणून मी विचारलं.

“या रस्त्यावर मी नेहमीच गप्प असते,” ती म्हणाली. “तुमचं लक्ष नसतं.”

खराडी बायपासचा सिग्नल तिसऱ्यांदा लाल झाला. हेमाने डब्यावरचा हात उचलून काचेबाहेर दाखवलं.

“इथे तुम्ही बोलायचं थांबलात,” ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

ती सांगत राहिली, सिग्नल येईल तसं. आवाज चढवला नाही. चंदननगरपाशी रुग्णवाहिका बारा मिनिटं एका जागी उभी होती, सायरन वाजत होता आणि कोणालाही सरकायला जागा नव्हती. आतल्या डॉक्टर मुलीने घड्याळ बघितलं, ते हेमाने बघितलं. विमाननगर चौकात तिने माझं नाव घेऊन हाक मारली. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिने कधी माझं नाव घेतलं नव्हतं.

“मी ‘दत्तप्रसाद’ म्हणाले. दोनदा. तुम्ही ओ दिली नाहीत.”

रामवाडीला तिने तनुजाला फोन लावला, पलीकडून हॅलो आलं, आणि काय सांगायचं ते सुचेना म्हणून तिने तो बंद केला. येरवड्याला तिने ठरवलं की यातून हा माणूस उठला तर आपण इथे राहायचं नाही.

“तुम्ही उठलात,” ती म्हणाली. “आणि ढेकराची गोष्ट सांगायला लागलात. लोक हसतात, मी आत जाते. मला अजून दर संध्याकाळी सहाला तो सायरन ऐकू येतो. तुम्ही तेव्हा मागे झाडाला पाणी घालत असता. मी खिडकीतून बघते, उभे आहात ना.”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला होता. मी गाडी पुढे काढली. पुढचा सगळा रस्ता मी हॉर्न वाजवला नाही. माझे डोळे भरून आले होते आणि समोरचे दिवे नीट दिसत नव्हते. ती खिडकी स्वयंपाकघराची आहे आणि त्यातून झाड दिसतं, एवढंच मी नऊ वर्षं धरून चाललो होतो. तिथून मी दिसतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

पेठेत पोचायला पावणेदोन तास लागले. गाडी लावून आम्ही शालूच्या इमारतीत शिरलो. हेमा लिफ्टकडे गेली. मी तिच्या हातातून डबा घेतला आणि तळमजल्यावरची बापूरावांची बेल वाजवली.

बापूराव बनियनवरच दारात आले. सकाळीच शालूताईंनी नको म्हणून कळवलं, उद्या दोघं जण जागा बघायला येणार आहेत, असं त्यांनी मला ऐकवलं. मी डबा उघडून एक फळ त्यांच्यापुढे धरलं.

“आमच्या परसातलं आहे,” मी म्हणालो. “त्या दोघांना नाही म्हणून सांगा. फ्लॅट आम्हाला हवाय. सकाळचा निरोप माझ्यामुळे गेला होता, तो चुकला. मी चुकलो.”

शेवटचे दोन शब्द मी बापूरावांकडे बघत म्हणालो, पण त्यांच्यासाठी ते नव्हते. त्यांनी फळ हातात घेऊन उजेडात फिरवून बघितलं.

“पुण्यात पीच,” ते म्हणाले. “आणि आता तुम्ही इकडे येणार. मग झाड कोण बघणार तिकडे?”

सबंध रस्ताभर मी झाडाचा विचारच केला नव्हता.

“सर्जेराव बघणार आहेत,” मागून हेमा म्हणाली. “मी दसऱ्यालाच विचारून ठेवलंय.”

मी वळलो. ती लिफ्टचं दार हाताने धरून उभी होती, आणि शालू वरून कोण आलंय म्हणून विचारत होती. हेमाने डबा मागितला. मी तो तिच्या हातात दिला आणि आत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.